गेटजवळची कॉटेज घ्यावी की घरच्याच दोन खोल्या द्याव्यात?

चिमूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडक्यात असं:

"ताई, आमचं गाव ताडोब्याच्या कोलारा गेटपासून गाडीनं वीस मिनिटांवर. वय 34. घरी आई, बायको, सात वर्षांची मुलगी. चार एकर कोरडवाहू वावर आणि गावठाणात वडिलांनी बांधलेलं पाच खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. वडील शाळेत गुरुजी होते. ते गेल्यावर मिळालेले धरून 7 लाख जमा आहेत. नागपूरचा एक एजंट गेटजवळ तयार कॉटेज देतो म्हणतो, 32 लाखांत. चालवणार कंपनीच, मला महिन्याला 40 हजार हमखास. वावर तारण ठेवून 25 लाखांचं कर्ज तोच करून देणार. शनिवार-रविवारी गेटवर गाड्यांची रांग पाहतो अन् वाटतं, आपण सोयाबीनमध्ये मरतोय आणि बाहेरचे येऊन कमावून जातात. इसार द्यायला पंधरा दिवस आहेत. काय करू? आणि कॉटेजला नाव आपल्या पसंतीचं देता येतं, मी 'टायगर व्हॅली रिसॉर्ट' ठरवलंय. बरं वाटतं का?"

भाऊ,

इसाराचे पैसे देऊ नका. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आजच ऐका.

तुमची चडफड मला कळते. ती चुकीचीही नाही. जंगल तुमच्या बांधाला लागून, रानडुकरं तुमचं पीक खातात, मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांच्या जिवाला घोर तुमच्या गावाला, आणि वाघ बघायला आलेल्यांचा पैसा भलत्याच्या गल्ल्यात. पण या रागाचा फायदा घ्यायला टपलेली माणसंही त्याच गेटवर उभी असतात.

आधी ते 40 हजार बघू. वर्षाचे झाले 4 लाख 80 हजार. 32 लाखांवर म्हणजे शेकडा 15. एवढं हमखास मिळत असेल तर हा भला माणूस बँकेकडून 11 टक्क्यांनी पैसा उचलून सगळ्या कॉटेज स्वतःच का ठेवत नाही? चिमूरपर्यंत येऊन तुमच्या आईच्या हातचा चहा का पितो? आता उलट्या बाजूनं मांडा. कंपनी चालवणार म्हणजे पगार, वीज, धुणं, जाहिरात, बुकिंग साइटचं कमिशन आणि तिचा नफा आधी कापणार. निम्मं त्यात गेलं असं धरलं तरी तुमच्या हातात 4 लाख 80 हजार यायला त्या एका कॉटेजनं वर्षाला 9 लाख 60 हजार कमवायला हवेत. रात्रीचं भाडं 5,000 धरा. 192 रात्री भरलेल्या हव्यात.

आता ताडोब्याचं कॅलेंडर घ्या. ते तुम्हाला माझ्याहून पाठ असेल, पण त्याचा हिशेब तुम्ही मांडलेला दिसत नाही. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद. उरले 273 दिवस. त्यातले मंगळवार बंद, ते 39. राहिले 234. त्यातही शुक्रवार-शनिवारच्या रात्री साधारण 78. तुम्ही गाड्यांची रांग बघता ती या दिवसांतली. बुधवारी दुपारी जाऊन बघा एकदा. आणि सोमवारची रात्र तर सगळ्यात अवघड, कारण दुसऱ्या दिवशी गेटच उघडत नाही, मग कोण कशाला राहील? दिवाळी, नाताळ, एप्रिल-मे हे धरूनही 234 पैकी 192 रात्री भरणं नव्या, अनोळखी कॉटेजला जमेल, असं मला वाटत नाही. पावसाळ्यात बफरमधल्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या काही सफारी सुरू असतात, तेवढाच आधार. पण त्याला येणारी गर्दी वेगळी आणि कमी.

कर्जाला मात्र पावसाळा नसतो. 25 लाख, 11 टक्के, दहा वर्षं: हप्ता साडेचौतीस हजारांच्या आसपास येतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, नुसत्या या तीन बंद महिन्यांचे 1 लाख 3 हजार. हे नेमके पेरणीनंतरचे, हातात दमडी नसलेले दिवस. कंपनीनं दुसऱ्या वर्षी हात वर केले तर हमीचा कागद घेऊन तुम्ही नागपूरला खेटे घालणार, आणि इकडे वावरावर बँकेचा बोजा. हमी कोण देतंय, त्याच्या नावावर काय आहे, तो कागद नोंदणीकृत आहे की नुसता नोटरी केलेला, हे विचारा. एजंटाचा चेहरा बघा विचारताना.

आणि सातबारा मागा. प्रॉस्पेक्टस नको, गुळगुळीत कागदावरचा वाघ नको, सातबारा आणि फेरफार. आपल्या पूर्व विदर्भात तर हे जास्तच बघावं लागतं. सातबाऱ्यावर कुठं 'झुडपी जंगल' लिहिलेलं असेल तर तिथंच थांबा. ती जमीन वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये दिला आहे. भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. आदिवासींची जमीन असेल तर बिगरआदिवासीला परस्पर विकताच येत नाही, मग 99 वर्षांच्या कराराच्या कितीही गोष्टी सांगोत. एकाच शेतजमिनीचे दहा-बारा जणांना 'हिस्से' विकून सामाईक सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढवायची हा तर जुनाच खेळ. कॉटेज तुमची म्हणायची, पण जमिनीतला तुमचा तुकडा कुठला ते कुणालाच दाखवता येत नाही. अकृषक परवानगी झाली आहे का? आणि संरक्षित जंगलाच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत नवं व्यावसायिक हॉटेल किंवा रिसॉर्ट बांधायला इको-सेन्सिटिव्ह झोनच्या नियमांत सहसा मुभा नसते. तेव्हा 'गेटला अगदी लागून' हे एजंट ज्या कौतुकानं सांगतो, त्याच कौतुकानं ऐकू नका. चिमूरच्या एखाद्या वकिलाला दोन-तीन हजार देऊन कागद दाखवून घ्या, 32 लाखांपुढं ते काहीच नाहीत.

आता तुमच्या घराकडे येते. खरं तर पत्र वाचताना मी तिथंच अडकले होते. पाच खोल्यांचं कवेलूचं घर, माणसं चार, आणि तुम्ही राहायची जागा विकत घ्यायला निघालात!

पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्या. एवढंच. 7 लाखांपैकी 3 लाखांच्या वर घालायचे नाहीत, कर्ज एक रुपयाचं नाही. दोन सीझन चालवा, वहीत एकेक रात्र लिहा, मग पुढचं बोलू. पटत नसेल तर हिशेब देते. दोन खोल्या, प्रत्येकी वर्षाला 120 रात्री, नाश्त्यासह भाडं 1,800. झाले 4 लाख 32 हजार. सगळी बुकिंग साइटवरून आली आणि कमिशन 15 टक्के धरलं तर 65 हजार तिथं गेले. दर रात्रीमागे चादरी धुणं, नाश्ता, वीज, साबण, पाणी यांचे 500 धरा, 1 लाख 20 हजार. मदतीला एक बाई, महिना 8 हजार, वर्षाचे 96 हजार. डागडुजी 30 हजार. हातात उरले 1 लाख 21 हजार. महिन्याला 10 हजार. आणि हे चांगल्या वर्षाचं बोलते आहे, पहिल्या वर्षी याच्या निम्मं समजा.

तुमचा हिरमोड झाला असेल. कुठं ते 40 हजार आणि कुठं हे दहा. पण या दहातून कुणाला हप्ता जात नाही, आणि वावर तुमचंच राहतं.

काम कुठून सुरू करायचं? संडास-बाथरूमपासून. पलंग-पडदे नंतर. दोन्ही खोल्यांना आतून दार असलेलं संडास-बाथरूम हवंच. शहरातली माणसं नाकं मुरडतात म्हणून नाही सांगत. तुमच्या गावात रात्री बाहेर पडायचं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याला ते ठाऊक नसतं, तो मोबाइलच्या उजेडात अंगणाबाहेर जातो. कुंपण घाला, फाटकाशी दिवा लावा, आणि अंधार पडल्यावर फाटकाबाहेर पायी जायचं नाही हे पहिल्याच चहाला तोंडी सांगा. पाटीवर लिहिलेलं कुणी वाचत नाही.

कवेलू काढून टिना, म्हणजे पत्रे टाकायचा विचार करू नका. वानरं कवेलू फोडतात, दर मे महिन्याच्या शेवटी ते फेरावे लागतात, फेरणारा माणूस मिळत नाही, सगळं मान्य. पण तुमचा सीझन एप्रिल-मेचा. चंद्रपूरचा पारा 46-47 वर जातो तेव्हा टिनाखाली पाहुणा दुपारी झोपूच शकत नाही. कवेलूखाली मातीच्या जाड भिंती आणि खिडकीला ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर असला की एसीवाचून भागतं. फक्त कूलरला पाणी लागतं. तुमची विहीर मे महिन्यात किती उतरते ते मला लिहून कळवा, ही अट महत्त्वाची आहे. टँकर मागवून पाहुणे ठेवायचे असतील तर वर मांडलेला हिशेब फाडून टाका.

आता माझी फजिती सांगते. आम्ही नवरा-बायकोनं पेंचकडच्या एका गावात सहा वर्षं तीन खोल्या चालवल्या. पहिलाच डिसेंबर. भिंतीला पिवळी माती, दारात रांगोळी, कापसाच्या नव्या गाद्या, सगळं देखणं. पुण्याहून सहा माणसं आली. पहाटे साडेचारला तिन्ही खोल्यांतले तीन गीझर एकदम सुरू झाले, आणि सिंगल फेजच्या मीटरवर मेन स्विच खटकन पडला. सगळं गाव अंधारात असतं तर निदान बोट दाखवता आलं असतं, पण शेजाऱ्यांकडे दिवे लख्ख. मी चुलीवर पातेली चढवली, यांनी बादल्या उचलल्या, एक आजोबा दातांचा डबा शोधत चाचपडत होते. जिप्सी दारात हॉर्न देत उभी. त्यातलं एक कुटुंब गेटवर वीस मिनिटं उशिरा पोचलं. जाताना काही बोलले नाहीत, घरी जाऊन साइटवर लिहिलं. गाद्यांबद्दल एक अक्षर नाही त्यात. पुढच्या महिन्यात छतावर सोलर हीटर बसवला आणि अंगणात तांब्याचा बंब ठेवला. गंमत म्हणजे लोकांनी फोटो बंबाचेच काढले.

त्या साडेचारवरून मुद्द्याचं बोलते. गेट पहाटे उघडतं, त्याआधी पाहुणा उठणार, त्याआधी चहा. तो कोण करणार? तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एकदा आहे, बायकोचा एकदा, दोन्ही वेळा घरात माणसं किती हे सांगताना. बाकी सगळं 'मला मिळतील, मी ठरवलंय' असंच लिहिलंय. लोक म्हणतात ही प्रॉपर्टीतली गुंतवणूक आहे, भाडं आपोआप येत राहतं. दुकानाचा गाळा भाड्यानं दिला तर येतं. इथं रोज चादर बदलायची, रोज केस काढायचे मोरीतून, रात्री अकराला 'भैया, थोडा गरम पानी' अशी हाक येणार. हे काम बाया करतात आणि बुकिंगचा फोन पुरुषाकडे असतो, हे मी सहा वर्षं आजूबाजूला पाहिलं. आमच्याकडेही सुरुवातीला तसंच होतं, भांडून बदलावं लागलं.

म्हणून इसार देणं-न देणं बाजूला ठेवून आज संध्याकाळी त्या दोघींना समोर बसवा आणि विचारा. आईंना घरात परकी माणसं चालतील का? दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचं तर कोण काढणार? मुलीचा अभ्यास कुठल्या खोलीत? महिन्यातले किती दिवस घर फक्त आपलं असावं? बायको नाही म्हणाली तर ते नाहीच समजा. तिला मनवून सुरू केलेला धंदा दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडतो.

ती हो म्हणाली तर मात्र धंदा तिच्या नावावर करा, बँक खात्यासह. यात व्यवहारही आहे. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्याचं 'आई' धोरण 2023 पासून आहे. त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. अर्थात परतावा म्हणजे आधी आपण भरायचं, सरकार मागाहून देणार. तेव्हा त्याच्या भरवशावर आज कर्ज काढू नका. दोन सीझननंतर तिसरी खोली बांधायची झाली तर उपयोगी पडेल.

कागदपत्रांचा बाऊ करू नका, पण टाळूही नका. पर्यटन संचालनालयाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी करा. मालक स्वतः त्या घरात राहतो अशा घरांसाठीच ती आहे. नागपूरला त्यांचं विभागीय कार्यालय आहे. त्याआधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा काढा आणि तो अजून वडिलांच्याच नावावर असेल तर आईच्या आणि तुमच्या नावानं वारस नोंद करून घ्या. हे बहुतेक राहिलेलंच असणार, गावोगाव राहिलेलं असतं. बहीण असेल तर तिचाही हक्क आहे, तिच्याशी आत्ताच बोला, पाटी लागल्यावर नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळेल. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी, वर्षाला 100 रुपये. पाहुण्यांचं रजिस्टर ठेवा, प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, आणि परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते, ते विसरलात तर पोलीस दारात येतात. ठाण्यात आधीच जाऊन ओळख करून ठेवा. जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. आपण त्याच्या आसपासही नाही.

सफारीचं बुकिंग मात्र तुम्ही अंगावर घेऊ नका. पाहुण्याला आधी त्याच्या नावानं अधिकृत साइटवर परमिट काढू द्या, मग खोली पक्की करा. 'या तुम्ही, बघू गेटवर काहीतरी' असं एकदा जरी म्हटलंत तरी वाघ न दिसल्याचं खापरसुद्धा तुमच्यावर फुटेल. मंगळवार बंद असतो हे फोनवर प्रत्येकाला सांगायचं. सगळ्यांना माहीत असतं असं आपल्याला वाटतं, तसं ते नसतं.

जेवणात पनीर नको. ते त्यांना नागपुरात मिळतं. पाटवडी-रस्सा, कढी-गोळे, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर. आईंना जे डोळे मिटून करता येतं तेच. एक सावधगिरी: आमच्याकडे मुंबईच्या एका बाईंना मी संध्याकाळी "सांबारवडी केलीय" म्हटलं तर त्यांनी ताट पुढं सरकवलं. जंगलात सकाळी सांबर पाहून आल्या होत्या बिचाऱ्या. तेव्हापासून मी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कोथिंबीरवडी म्हणते, अन् मनातल्या मनात सांबारवडी.

दोन सीझन नीट गेले आणि वाढवावंसं वाटलं, तर तेव्हाही जमीन विकत घेऊ नका. तुमच्या गावात नोकरीपायी नागपूर-पुण्याला गेलेल्यांची कुलूपबंद घरं असतीलच. आपण दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करतो तसं एखादं घर घ्या. अकरा महिन्यांचा भाडेकरार, तोही रीतसर नोंदवलेला, आणि त्यात पाहुणे ठेवायची मालकाची परवानगी स्पष्ट लिहिलेली. करारात नसेल तर पहिल्या चांगल्या सीझननंतर मालकाला आपलं घर एकाएकी आठवतं. तुमच्या चार एकरांत पुढं कृषी पर्यटन करायचं म्हटलं तर त्यासाठीही राज्याचं 2020 चं धोरण आहे. पण ती गोष्ट चार वर्षांनंतरची. आत्ता त्या वावरात तूर पेरा, पाहुण्यांना सोले लागतील.

राहिलं नाव. 'टायगर व्हॅली' नको. त्या रस्त्यावर टायगर नावाच्या पाट्या इतक्या आहेत की पाहुणा भलत्याच फाटकात शिरेल. शिवाय तुमच्याकडे व्हॅली कुठाय? गावात तुमच्या घराला काय म्हणतात? वडील शाळेत होते, तेव्हा 'गुरुजीचं घर' म्हणत असतील, बसस्टँडवर कुणालाही विचारलं तरी बोट दाखवत असतील. तेच ठेवा, 'गुरुजींचं घर'. पाटीवर फोन नंबर मोठ्या अक्षरात हवा, आणि तो तुमच्या बायकोचा.